कोणाचं नाव कोणानंतर

अप्पांनी चाळीस वर्षं कोनशिला कोरल्या. साताऱ्यात आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काळा ग्रॅनाइट आणि मकराण्याचा संगमरवर भिंतीला टेकवून ठेवलेला असायचा. कोरण्यापेक्षा जास्त ताप नावांच्या क्रमाचा. 'शुभहस्ते' कोण, 'अध्यक्ष' कोण, 'प्रमुख उपस्थिती'त कोण वर. एकदा तयार झालेला दगड उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी परत आला, कारण एका साहेबांचं नाव एक ओळ खाली पडलं होतं. अप्पांनी रात्र जागून दुसरा केला. पहिल्याचे पैसे बुडाले.

म्हणून 'माया लिन : अ स्ट्राँग क्लिअर व्हिजन' मला त्यांच्याच शेजारी बसून बघायचा होता. फ्रिडा ली मॉक यांचा १९९४चा माहितीपट, ऑस्कर मिळालेला. अप्पांना इंग्रजी येत नाही. मी मध्ये मध्ये थांबवून सांगत होते.

१९८१ साली व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकन मृतांच्या वॉशिंग्टनमधल्या स्मारकासाठी स्पर्धा झाली. १,४२१ प्रवेशिका आल्या, कागदांवर नावं नाहीत, नुसते क्रमांक. निवडला गेला १०२६. तो निघाला येल विद्यापीठात शिकणाऱ्या २१ वर्षांच्या मुलीचा, चिनी आईबापांच्या पोटी ओहायोत जन्मलेल्या माया लिनचा. पुतळा नाही, खांब नाही. जमिनीच्या उतारात रुतलेल्या दोन काळ्या भिंती, मध्ये कोनात मिळणाऱ्या, आणि त्यांच्यावर नावं. अनेक माजी सैनिक खवळले, एकानं तर भर सुनावणीत त्या आराखड्याला शरमेची काळी जखम म्हटलं. ती पोर आपलं म्हणणं सोडत नाही. शेवटी तडजोड म्हणून थोड्या अंतरावर तीन सैनिकांचा ब्राँझचा पुतळा उभा केला. मला त्या तडजोडीचा आजही राग येतो.

अप्पा सगळं निमूट बघत होते. नावांचा क्रम आला तेव्हा मात्र म्हणाले, "थांबव."

नावं हुद्द्यानं लावलेली नाहीत, आडनावानंही नाहीत. ज्या दिवशी जो गेला, त्या दिवशी त्याचं नाव. १९५९ला मधल्या कोनापासून सुरू होतं, उजव्या टोकाला जातं, मग डाव्या टोकापासून परत येत १९७५ला त्याच कोनात येऊन मिळतं. आडनावांच्या क्रमानं लावा, सापडायला सोपं, अशी मागणी झाली होती. पण नुसते स्मिथच सहाशेच्या वर होते.

"आपल्याकडं जाधव लावले असते तर," अप्पा म्हणाले, "कोणता आपला, ते आईलासुद्धा कळलं नसतं. इथं बरोबर मेलेले बरोबर राहिले."

मग त्यांनी कारागिराचे प्रश्न विचारले. अक्षर केवढं? अर्ध्या इंचाच्या जरा वर. छिन्नीनं? नाही, स्टेन्सिल लावून वाळूच्या माऱ्यानं. नावाशेजारची खूण कसली? पत्त्यातल्यासारखी चौकट म्हणजे मृत्यू नक्की, क्रूस म्हणजे बेपत्ता. बेपत्ताचे अवशेष सापडले, की क्रूसावरच चौकट कोरायची.

"म्हंजे दगडात पुढची जागा ठेवली," ते हळूच म्हणाले. दगड कुठला, हे मी रात्री शोधलं. बंगळूरचा. सकाळी सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. "ते काळं पाणी त्याच दगडाला. माणूस उभा राहिला की तोंड दिसतं."

रविवारी त्यांनी आजोळी न्यायला सांगितलं. सातारा भागात बऱ्याच गावांत असते तशी तिथं चावडीच्या भिंतीत पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी आहे. या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. इंग्रजीत, दोन आकडे. लहानपणापासून मी ती बघत आले, नावं नाहीत हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

अप्पांनी अक्षरांवरून बोट फिरवलं. "कोरलंय झकास," म्हणाले. मग पारावरच्या म्हाताऱ्यांना विचारायला लागले, तुमच्यातलं कोण गेलं होतं? तासभर कोणाला काही आठवेना. एका आजींनी तेवढं सांगितलं, माझ्या सासऱ्यांचा चुलता गेला होता, पण त्याला घरी सगळे नुसतं 'आबा' म्हणायचे.

अप्पांनी माझ्याकडून पेन घेतलं आणि वहीत 'आबा' लिहिलं. पुढं आडनावापुरती जागा सोडली.