डावं मनगट, उजवं मनगट

गेले चार दिवस मी दोन हातांवर दोन वास घेऊन हिंडतोय. डाव्या मनगटावर डेव्हिडॉफचं कूल वॉटर हे अत्तर, उजव्यावर त्याची स्वस्तातली नक्कल. नकलेची बाटलीही निळीच. नाव सांगत नाही, उगाच बिचारीची बदनामी कशाला.

पहिली पाच मिनिटं उजवा हात बाजी मारतो, हे कबूल करायलाच हवं. पुदिना, लव्हेंडर, नुकत्याच धुतलेल्या चादरीचा टवटवीतपणा, सगळं एकदम अंगावर येतं. अर्ध्या तासानं मात्र तिथे उरतो तो ओल्या नाण्याला साबण फासल्यासारखा काहीतरी वास. डावीकडे तेव्हा कुठे तंबाखूची कोरडी, किंचित मधाळ झाक वर यायला लागलेली असते. घाई नाही तिला.

धुतलेली चादर आठवते ती उगाच नाही. डायहायड्रोमर्सेनॉल नावाचं रसायन आधी धुण्याच्या साबण-पावडरींत असायचं, कारण ते ब्लीचलाही दाद देत नाही. १९८२च्या द्राकार न्वार या अत्तरात ते सढळ हातानं पडलं आणि १९८८मध्ये अत्तरकार पियेर बुर्दों यांनी कूल वॉटर करताना हात आणखी सैल सोडला. मग काय, डिओ, शाम्पू, दाढीचा फेस, जो तो हाच सूर आळवायला लागला. (खुद्द कूल वॉटरवर क्रीड कंपनीच्या १९८५मधल्या ग्रीन आयरिश ट्वीड या अत्तराची सावली आहे, असं अत्तरवेडे म्हणतात. घ्या, आता अस्सल कुणाला म्हणायचं?)

माझी गोची वेगळीच आहे. हा वास मला कॉलेजपासून माहीत आहे, पण नकलांकडूनच. अस्सल बाटली हाती आली चाळिशी उलटल्यावर. मोठ्या श्रद्धेनं झाकण काढलं, फवारलं, आणि मनात आलं, अरेच्चा, हा तर आपला जुना डिओ! थोडा शहाणा झालेला, एवढंच.

चार दिवस सतत हुंगून नाकही बधिर झालंय. शेवटी लेकीसमोर दोन्ही हात धरले. तिनं डावं मनगट हुंगलं, उजवं हुंगलं, परत डावं. मग उजव्यावर बोट ठेवलं.

"हा बाबांचा वास."

"आणि हा?"

"हा पाहुण्यांचा."