तुम्ही विचारलंत म्हणून: साखळी लावायची की एकच रिड्यूस?

अ‍ॅरेवर (म्हणजे यादीवर) चालणाऱ्या फिल्टर, मॅप, रिड्यूस या मेथड एकापुढे एक जोडायच्या, की सगळं एकाच रिड्यूसमध्ये उरकायचं? जावास्क्रिप्ट शिकणारे हे हमखास विचारतात. माझं मत साखळीच्या बाजूने आहे. रिड्यूस शेवटी ठेवा आणि त्याला सर्वांत छोटं काम द्या.

समजा 450, 1200, 300 आणि 800 रुपयांच्या चार ऑर्डरी आहेत आणि 300 ची रद्द झाली आहे. फिल्टरने ती गाळा, मॅपने उरलेल्यांची फक्त रक्कम काढा, रिड्यूसने बेरीज करा: 2450. उद्या ‘फक्त पुण्याच्या ऑर्डरी’ हव्या झाल्या तर आणखी एक फिल्टर लावायचा, बेरजेला हात लावायचा नाही. हेच एका रिड्यूसमध्ये कोंबलं की कॉलबॅकमध्ये (दर नोंदीला चालणाऱ्या फंक्शनमध्ये) इफ येतो, आणि रद्द ऑर्डरीच्या फेरीत जमलेली बेरीज रिटर्न करायची राहून जाते. पुढच्या फेरीत अक्युम्युलेटर, म्हणजे फेरीगणिक पुढे जाणारी जमा, अनडिफाइंड (किंमतच नसलेला) असतो, त्यात 800 मिळवले की उत्तर नॅन, म्हणजे ‘ही संख्याच नाही’. रद्द ऑर्डर यादीत शेवटची असेल तर हाती नुसतं अनडिफाइंड.

रिड्यूसला दुसरा आर्ग्युमेंट म्हणून सुरुवातीचं शून्य द्याच. साखळीत ते विसरलं तरी बेरीज बरोबर येते, आणि म्हणूनच ही चूक लपून राहते. पहिली रक्कमच अक्युम्युलेटर बनते, काही बिघडत नाही. पण ज्या दिवशी सगळ्याच ऑर्डरी रद्द होतात, त्या दिवशी फिल्टरमधून रिकामा अ‍ॅरे येतो आणि रिड्यूस टाइपएरर फेकतो.

वेगाची काळजी बहुतेक जण चुकीच्या जागी करतात. फिल्टर आणि मॅप प्रत्येकी नवा अ‍ॅरे बनवतात हे खरं, पण काही हजार नोंदींना त्याचं काही वाटत नाही. खरं महाग पडतं ते रिड्यूसने ऑब्जेक्ट बांधताना दर फेरीला स्प्रेडने (तीन टिंबांनी) अक्युम्युलेटरची नवी प्रत काढणं. ऑब्जेक्टमध्ये 10,000 वेगवेगळ्या ‘की’ (नोंदींची नावं) असतील तर एकूण 4 कोटी 99 लाख 95 हजार ‘की’ पुन्हा पुन्हा कॉपी होतात. अक्युम्युलेटर तुमचाच, सुरुवातीला दिलेला कोरा ऑब्जेक्ट आहे. त्यातच थेट भर घाला. नुसते गट पाडायचे असतील तर ईएस 2024 (जावास्क्रिप्टच्या प्रमाणाची 2024 ची आवृत्ती) पासून ऑब्जेक्ट डॉट ग्रुपबाय आहे, रिड्यूस हवाच कशाला?

नोंदी लाखांत असतील तर ईएस 2025 मधले इटरेटर हेल्पर वापरा (इटरेटर म्हणजे मागितल्यावर एकेक नोंद देणारा). अ‍ॅरेवर आधी व्हॅल्यूज ही मेथड बोलवा, तिच्यातून इटरेटर मिळतो, पुढची साखळी तशीच. मधले अ‍ॅरे बनत नाहीत, एकेक नोंद फिल्टरपासून रिड्यूसपर्यंत जाते. मात्र तो इटरेटर एकदाच वापरता येतो. तोच व्हेरिएबलमध्ये ठेवून आधी बेरीज आणि मग मोजणी करायला गेलात, तर मोजणी शून्य येईल आणि एररही दिसणार नाही.