फेरेटसह बोस्टन ते फ्रँकफर्ट : हवाई प्रवासाचा वृत्तांत

नोकरीनिमित्त बोस्टन सोडून जर्मनीला जायचे ठरले, तेव्हा घरातील सामानापेक्षा चिंगीचा प्रश्न मोठा होता. चिंगी ही आमची फेरेट. वजनाने किलोभरही न भरणारी, दिसायला मुंगसासारखी, पण कुळाने पाणमांजराच्या जवळची. तयारी सुरू केल्यावर लवकरच ध्यानात आले की कायद्याच्या दृष्टीने फेरेट नेणे फारसे अवघड नाही, खरी अडचण विमानात जागा मिळण्याची आहे. युरोपीय संघाच्या पाळीव प्राण्यांविषयीच्या नियमांत कुत्रा, मांजर आणि फेरेट हे तिघे एकाच पंक्तीला बसतात. बहुतेक विमान कंपन्यांच्या केबिनमध्ये मात्र पहिल्या दोघांनाच पान वाढले जाते.

कागदपत्रांत क्रमाला सर्वाधिक महत्त्व आहे. प्रथम पंधरा अंकी आयएसओ मायक्रोचिप, म्हणजे ओळखक्रमांक असलेली बारीक चिप, कातडीखाली बसवावी आणि त्यानंतरच, किंवा फार तर त्याच दिवशी, रेबीजची लस टोचावी. चिपच्या आधी दिलेली लस युरोपात धरली जात नाही. पहिल्या लसीनंतर २१ दिवस थांबावे लागते. लस घेताना जनावराचे वय किमान बारा आठवडे असावे लागते, त्यामुळे अगदी लहान पिल्लू नेण्याचा बेत आखू नये. फेरेटना लसीची तीव्र प्रतिक्रिया येण्याची शक्यता असते, म्हणून लस दिल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसावे आणि डिस्टेंपर या विषाणूजन्य रोगाची लस त्याच दिवशी देऊ नये, असे आमच्या पशुवैद्यांनी बजावले होते. अमेरिकेहून येणाऱ्या प्राण्यांना रेबीज प्रतिपिंडांची रक्तचाचणी लागत नाही. भारतातून युरोपात येणाऱ्यांना मात्र ती करावी लागते, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबावेही लागते. अखेरचा टप्पा आरोग्य प्रमाणपत्राचा. ते अधिकृत मान्यता असलेल्या पशुवैद्याने भरल्यावर अमेरिकी कृषी खात्याने त्यावर शिक्कामोर्तब करायचे असते, आणि त्या शिक्क्यापासून दहा दिवसांच्या आत युरोपात पोहोचावे लागते. मूळ कागद कुरिअरने परत येतो, त्यामुळे मध्ये शनिवार-रविवार किंवा सुटी आली की हे दहा दिवस भराभर आटतात.

विमान कंपन्यांशी बोलताना सर्वाधिक मनस्ताप झाला. एका कंपनीच्या फोनवरील कर्मचाऱ्याने आधी होकार दिला आणि नंतर फेरेट हा उंदराच्या जातीचा प्राणी असल्याचे सांगून तोच होकार मागे घेतला. वास्तविक फेरेट हा मांसाहारी प्राणी असून कृंतकांशी त्याचा संबंध नाही. परंतु काउंटरवर उभे राहून प्राणिशास्त्र शिकवण्याची वेळ येऊ नये, यासाठी परवानगी ईमेलवर लेखी घ्यावी आणि तिची छापील प्रत जवळ बाळगावी. अखेरीस चिंगी थेट विमानाने, जिवंत प्राण्यांसाठीच्या कार्गो सेवेतून गेली. प्राणी कार्गोतून गेला तरी मालकाच्या प्रवासाच्या पाच दिवस आधी किंवा नंतरच्या मर्यादेत असेल, तर तो प्रवास व्यापारी न धरता खासगीच समजला जातो. थेट विमानासाठी चार पैसे अधिक पडले तरी ते द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय कॅलिफोर्निया, हवाई बेटे आणि न्यूयॉर्क शहर येथे फेरेट पाळण्यास बंदी असल्याने तिथे विमान बदलण्याचा मार्ग टाळलेलाच बरा.

पिंजरा निवडताना एकच कसोटी लावावी: जिथून डोके जाते तिथून फेरेट पूर्ण जाते. कुत्र्या-मांजरांसाठीच्या पिंजऱ्याच्या दारातील गजांमध्ये बरेच अंतर असते, म्हणून आम्ही आतून बारीक तारेची जाळी लावली आणि प्लास्टिकच्या खटक्यांऐवजी नट-बोल्ट वापरले. घरी सवय लावताना चिंगी दाराच्या खालच्या कोपऱ्यात नाक खुपसून, मान तिरकी करून, तो कोपरा वर उचलू पाहत असे. तिथे आणखी एक तार आवळावी लागली. पाण्याचे भांडे आदल्या रात्री गोठवून ठेवल्यास पाणी सांडत नाही आणि बर्फ वितळेल तसे पिता येते. अंथरुणासाठी आपला वापरलेला, न धुतलेला टी-शर्ट सर्वांत उपयोगी.

खाण्याबाबत कुत्र्यांचा नियम येथे लावू नये. फेरेटचे आतडे आखूड असते आणि खाल्लेले अन्न तीन-चार तासांत बाहेर पडते. प्रौढ फेरेटमध्ये स्वादुपिंडाच्या गाठींचा आजारही बराच आढळतो, त्यामुळे दीर्घ उपवासाने रक्तातील साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. कोरडे खाद्य पिंजऱ्यात ठेवावे आणि तशी सूचना पिंजऱ्यावर ठळक अक्षरांत चिकटवावी. गुंगीचे औषध देऊ नये. उष्णता या प्राण्याला मुळीच सोसत नाही, तीस अंशांच्या पुढे धोका सुरू होतो. म्हणून भर उन्हाळा टाळून संध्याकाळी सुटणारे विमान घ्यावे.

फ्रँकफर्टला प्राण्यांसाठी अ‍ॅनिमल लाउंज नावाचे स्वतंत्र केंद्र आहे. तेथील पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी चिपचा क्रमांक यंत्राने वाचून तो कागदावरील क्रमांकाशी ताडून पाहिला, लसीची तारीख तपासली आणि मग सीमाशुल्काची बाजू पूर्ण झाली. यात काही तास जातात, तेव्हा त्याच दिवशी पुढच्या गाडीचे आरक्षण करू नये. नंतर स्थानिक पशुवैद्याकडून युरोपीय पाळीव प्राण्यांचा पासपोर्ट करून घेतला, की संघातील देशांत फिरताना दर वेळी नवे प्रमाणपत्र लागत नाही. ब्रिटनची गोष्ट निराळी: तेथे विमानाने जाणारे पाळीव प्राणी कार्गोतूनच न्यावे लागतात. भारतात नेण्याचा विचार असल्यास तिकीट काढण्यापूर्वी मुंबईच्या किंवा आपण उतरणार त्या शहराच्या अ‍ॅनिमल क्वारंटाइन केंद्राला पत्र पाठवावे, त्यात ‘पाळीव प्राणी’ असे मोघम न लिहिता फेरेट हे नाव स्पष्ट घालावे, आणि लेखी उत्तर हाती येईपर्यंत पैसे भरू नयेत.