लेनियर तलाव, एक ट्यूब आणि ताशी बारा मैल

बोटीमागे दोराने ओढल्या जाणाऱ्या, हवा भरलेल्या ट्यूबवर पालथं पडलं की हनुवटी पाण्यापासून जेमतेम वीतभर वर असते. तिथून ताशी १० मैल हा वेगसुद्धा केवढातरी वाटतो. गाडीत १० मैल म्हणजे सोसायटीच्या फाटकातून आत शिरतानाचा वेग. ट्यूबवर मात्र तोंडावर पाण्याचे सपकारे बसत असतात, प्रत्येक लाट पोटाला लागते, आणि दोन कापडी मुठींपलीकडे धरायला काही नसतं. हे मला जॉर्जियातल्या लेनियर तलावावर कळलं. २० मैलांना काय होतं, तेही त्याच दिवशी कळलं.

दादा बरीच वर्षं अटलांटाच्या उत्तरेला कमिंग या गावी राहतो. यंदा जुलैत मी आणि माझी नऊ वर्षांची लेक त्याच्याकडे महिनाभर होतो. उन्हाळ्यात तिथल्या लोकांचं निम्मं आयुष्य लेनियरवर जातं. चॅटाहूची नदीवर ब्यूफर्डचं धरण १९५०च्या दशकात बांधलं, त्याचा हा जलाशय. पसारा सुमारे ३८,००० एकर, आणि काठ इतका वेडावाकडा की त्याची लांबी ६९२ मैल भरते. अटलांटा परिसर हेच पाणी पितो. काठाची माती तांबडीलाल, थेट कोकणातल्यासारखी, आणि तिच्यावर पाइनची गर्दी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दादाला म्हटलं, "अरे, हे तर आपलंच वाटतंय!"

पहिल्या रविवारी दादाच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी त्यांच्या बोटीवर बोलावलं. बोट देखणी, इंजिन दांडगं. मी आणि पंधरा वर्षांची भाची एकाच ट्यूबवर चढलो. सरळ जात होतो तोवर मजा आली. मग त्यांनी बोट डावीकडे कापली. ट्यूब बोटीमागच्या फेसाळ पट्ट्यातून उडी मारून उजवीकडे बाहेर गेली आणि एकाएकी वेग असा वाढला की पोटात खड्डा पडला. भाचीचं डोकं माझ्या कपाळावर आदळलं. पुढच्या क्षणी मी हवेत होते आणि मग उजव्या कानावर पडले. पाण्यावर पडले म्हणायचं एवढंच, लागलं ते फरशीवर पडल्यासारखं. कानात शीळ सुरू झाली ती थांबेचना.

वर आल्यावर ते गृहस्थ कळवळून म्हणाले, "ताई, खरंच सांगतो, काटा वीसच्या वर गेलाच नाही." ते खोटं बोलत नव्हते. दादासुद्धा शेजारीच उभा होता, त्यानेही काटा पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कानात बघून सांगितलं की पडद्याला बारीक भोक पडलंय. आपोआप भरून येईल, पण तोवर कानात पाण्याचा थेंबही जाता कामा नये. भाचीच्या भुवईवर टेंगूळ आलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. कानामुळे नाही, त्या ट्यूबवर माझ्याऐवजी लेक असती तर, हा विचार डोक्यातून जाईना.

काटा वीसवर होता, मग मी एवढ्या जोरात फेकले कशी गेले? उत्तर मला आजोबांच्या ज्वारीच्या शेतात सापडलं. पाखरं हाकायला आजोबा गोफण फिरवायचे. त्यांचा हात डोक्यावर लहानसं वर्तुळ काढायचा आणि दगड मात्र मोठ्या वर्तुळात भिरभिरायचा. हाताची एक फेरी आणि दगडाची एक फेरी एकाच वेळेत पुरी व्हायची, म्हणजे दगड हाताच्या कितीतरी पट वेगाने जात असायचा. बोट हा तो हात, दोर ही गोफण आणि ट्यूबवरचा माणूस हा दगड. समजा बोट ६० फूट त्रिज्येच्या कंसावर २० मैलांनी वळतेय आणि ट्यूब बाहेर फेकली जाऊन ९० फुटांच्या कंसावर गेलीय. तर ट्यूब त्या वेळी ३० मैलांनी धावत असते. वेग दीडपट झाला की आदळण्यातली ताकद सव्वादोनपट होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. हे काट्यावर कुठेच दिसत नाही. काटा बोटीचा वेग सांगतो.

शिवाय काट्याचीही एक गोष्ट आहे. पुष्कळ जुन्या बोटींत वेगाचा काटा पाण्याच्या दाबावर चालतो. बोटीच्या मागे खाली एक बारीक नळी असते, तिच्या तोंडात शिरणाऱ्या पाण्याच्या दाबाने काटा हलतो. नळीत शेवाळ, कचरा अडकला की काटा चुकतो, आणि कमी वेगाला तर तो नुसता अंदाज असतो. नेमका कमी वेगच आपल्याला मोजायचा असतो! दादाने त्यानंतर फोनमधल्या जीपीएसवर वेग बघायला सुरुवात केली.

मग आम्ही गॅरेजमध्ये बसून दादाच्या स्वतःच्या ट्यूबवरचा मजकूर वाचला. सहा वर्षं ती ट्यूब घरात होती आणि कोणीही तो वाचला नव्हता. मोठ्या माणसांसाठी जास्तीत जास्त २० मैल, मुलांसाठी १५. म्हणजे आपल्या हिशेबात ताशी ३२ आणि २४ किलोमीटर. हा आकडा गाठायचा नसतो, ही त्यापुढे जायचंच नाही अशी वेस आहे. नवख्या मुलाला ८-१० मैल पुष्कळ होतात. अगदी चिमुरडं असेल तर ५-६ मैलांवर नुसतं डुलत नेलं तरी ते खिदळतं. मात्र फार हळू नेण्यातही एक अडचण असते. वेग कमी असताना ट्यूब पाण्यावर तरंगत सरकण्याऐवजी पाणी ढकलत राहते, आणि वजन पुढे असेल किंवा हवा कमी असेल तर तिचं नाक पाण्यात घुसतं. म्हणून निघताना मागे सरकून बसायचं आणि बोटीने वेग पकडला की मग पुढे यायचं. हवासुद्धा टणक भरायची, अंगठ्याने दाबली तर जेमतेम दबेल इतकी.

दोराचंही तसंच. लांबी ५० ते ६५ फूट. त्याहून आखूड असला तर माणूस बोटीच्या फार जवळ येतो, लांब असला तर गोफण मोठी होते. एका माणसासाठी निदान १,५०० पौंड ताण सोसणारा दोर, दोघांसाठी २,३७५. दादाचा दोर एकाच माणसाचा निघाला. आम्ही दोघी तसल्याच दोरावर होतो की काय, या शंकेने वहिनीने त्या गृहस्थांना तेव्हाच फोन लावला. त्यांचा दोघांचा होता. त्यांनीही आपल्या ट्यूबवरचा मजकूर पहिल्यांदा त्या दिवशी वाचला. दादाचा जुना दोर त्याच संध्याकाळी कचऱ्यात गेला.

दहा दिवसांनी, मंगळवारी सकाळी, आम्ही पुन्हा लेनियरवर गेलो. शनिवार-रविवारी तिथे इतक्या बोटी असतात की पाणी सतत ढवळलेलं असतं आणि दुसऱ्याच्या बोटीच्या लाटा आपल्या ट्यूबखाली येतात. मंगळवारी सकाळी नऊला मात्र तलाव तेलासारखा शांत होता. या वेळी दादाने भाड्याने पाँटून घेतली होती, सपाट फळीवर चारी बाजूंनी कठडा आणि बाकं असलेली संथ बोट. सगळ्या भाड्याच्या बोटींना ट्यूब ओढायची मुभा नसते, ते आधी विचारून घ्यावं लागतं. दोर कठड्याला बांधायचा नाही, त्यासाठी मागे वेगळा मजबूत खांब असतो.

मी पाण्यात उतरणार नव्हते, म्हणून मला मागे तोंड करून बसायचं काम मिळालं. जॉर्जियात माणूस ओढायचा तर चालवणाऱ्याखेरीज मागे बघणारा एक जण हवा, नाहीतर आरसा हवा. आरशावर भागवावं असं मला अजिबात वाटत नाही. चालवणाऱ्याची नजर पुढे असायला हवी, कारण त्या तलावावर २०१२ साली काय होऊन बसलं ते तिथल्या माणसांना अजून आठवतं. जूनमध्ये दोन बोटींच्या टकरीत दोन लहान भाऊ गेले. जुलैत पाँटूनमागच्या ट्यूबवर असलेला अकरा वर्षांचा मुलगा जेट-स्कीच्या धडकेने गेला. पुढच्या वर्षी राज्याने कायदा कडक केला. तेरा वर्षांखालच्या मुलांना चालत्या बोटीत लाइफ जॅकेट सक्तीचं झालं आणि दारूची मर्यादा गाडी चालवणाऱ्याइतकीच झाली. ट्यूबवरच्या माणसाला तर वय कितीही असो, जॅकेट हवंच.

निघण्याआधी भाचीने काठावर सगळ्यांची हातांच्या खुणांची उजळणी घेतली. अंगठा वर म्हणजे वेग वाढव, अंगठा खाली म्हणजे कमी कर. तर्जनी आणि अंगठा जुळवून गोल केला की ठीक आहे. गळ्यावरून आडवा हात फिरवला की इंजिन बंद. डोक्यावर थोपटलं की परत काठाला. पाण्यात पडल्यावर हात सरळ वर धरला तर समजायचं, लागलेलं नाही. लेकीने प्रत्येक खूण दोनदा करून दाखवली. तिच्या बरोबर ट्यूबवर कोणी नव्हतं. मोठं आणि लहान एकत्र बसवलं की लहानाचंच डोकं फुटतं, हे आमच्या कपाळांनी आम्हाला शिकवलं होतं.

दादाने आधी दोर ताणून घेतला, अगदी चालण्याच्या वेगाने. मग हळूच थ्रॉटल सरकवला. ८. लेक दोन्ही मुठी घट्ट धरून, ओठ आवळून. मी तिच्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही. ९. १०. तिने अंगठा खाली केला. मी ओरडले, "दादा, कमी!" त्याने तत्क्षणी ८ वर आणली. एक चक्कर तशीच. दादा वळण घेताना आधी वेग उतरवायचा आणि मग इतक्या मोठ्या घेराने वळायचा की ट्यूब फेसाच्या पट्ट्याबाहेर जातच नव्हती. बोटीमागे जो लाटांचा पाचर उठतो ना, त्याच्या आतलं पाणी सपाट असतं. मूल त्या सपाट पाण्यात ठेवायचं, एवढं जमलं की निम्मं काम झालं.

तिसऱ्या चकरेला तिचे खांदे सैल झाले. मुठी सोडल्या नाहीत, पण कोपरं खाली आली. मग एक हात सुटला, अंगठा वर झाला आणि चटकन परत मुठीवर गेला. १०. पुन्हा अंगठा वर. १२. आणि ती हसायला लागली. पन्नास-साठ फुटांवरून, इंजिनाच्या आवाजात, माझ्या एकाच चांगल्या कानाला ते हसू ऐकू येणं शक्य नव्हतं. मला दिसत होतं.

एकदा ती पडली. बारा मैलांवर, सरळ रेषेत, बाजूला घरंगळली आणि जॅकेटमुळे बुचासारखी वर आली. हात वर! दादाने इंजिन मंद केलं, सावकाश वळसा घालून ती त्याच्या बाजूला, त्याच्या डोळ्यांसमोर राहील अशी बोट आणली आणि शिडी खाली सोडण्याआधी इंजिन पूर्ण बंद केलं. नुसतं न्यूट्रलला ठेवून भागत नाही, बोटीखालचा पंखा थांबलाय याची खात्रीच हवी. तो पंखा मी पाहिला आहे. भाजी चिरायच्या विळीला असते तशी त्याला कड असते.

भाचीला अर्थातच वेग हवा होता. ती एकटी पालथी पडली, दादा १८ पर्यंत गेला आणि ती अजून अंगठा वर करत राहिली. त्याने मान हलवली आणि १८ वरच ठेवली. वर आल्यावर ती थोडी फुरंगटली. "बाबा, वीसपर्यंत चालतं." दादा म्हणाला, "चालतं. पण वळणावर तुझे वीस माझ्या हातात राहत नाहीत." मला माझ्या भावाचा त्या क्षणी फार अभिमान वाटला.

वेगाची हौस कुठवर जाते याचं एक उदाहरण त्यानेच सांगितलं. २००६ साली अमेरिकेत पतंगासारखी हवेत उडणारी ट्यूब विकायला आली होती. बोटीने ओढली की माणसासकट पाण्यावरून उंच उचलली जायची. दोन मृत्यू आणि कितीतरी जखमी झाल्यावर त्याच उन्हाळ्यात ती सगळी बाजारातून परत घ्यावी लागली.

मला आपल्याकडची तारकर्लीची बनाना राइड आठवली. लग्नानंतर आम्ही गेलो होतो, शेवटी बोटवाल्याने काठाजवळ मुद्दाम वळण मारून सगळ्यांना पाण्यात पाडलं होतं, आणि आम्ही हसलो होतो. पाडणं हाच तिथे खेळाचा भाग असतो. पुढच्या वेळी मी लेकीला घेऊन जाईन तेव्हा बोटवाल्या दादांना आधी सांगणार आहे की वळण सावकाश घ्या, आम्हाला पाडू नका. सांगितलं तर ती माणसं ऐकतात, सांगायचंच आपल्याला सुचत नाही.

दुपारी दोनच्या सुमाराला पश्चिमेकडून काळे ढग यायला लागले. जॉर्जियात जुलैत हे जवळजवळ रोजचं आहे. गडगडाट ऐकू आला तेव्हा लेक पाण्यातच होती. तिने वर पाहिलं, मग आमच्याकडे पाहून डोक्यावर थोपटलं. कोणी सांगावं लागलं नाही.

धक्क्यावर बोट परत करताना भाचीने थ्रॉटलशेजारी चिकटवलेली कागदी पट्टी सोलून काढली. सकाळी तिनेच मार्करने लिहिली होती. माझ्या लेकीच्या नावापुढे १०, स्वतःच्या पुढे १८, वहिनीच्या पुढे १४, आणि शेवटी 'आत्या, मागे बघणार'.

"मामा, माझं बारा कर ना," लेक म्हणाली. भाचीने मार्कर काढला, दहावर काट मारली आणि पट्टी आपल्या टोपीवर चिकटवली. पाऊस सुरू झाला होता. आम्ही ट्यूबमधली हवा सोडायला घेतली.