क्लच हाताशी आला

मोटरसायकलच्या क्लच लिव्हरवर माझ्या बोटांची फक्त शेवटची पेरं पोचायची आणि क्लचचा सगळा जोर तेवढ्यावरच यायचा. तासभर गर्दीत गाडी चालवली की अंगठ्याच्या बुडाशी कळ उठायची. रात्री दाराची कडी काढतानाही ती जाणवायची. हाताला सवय होईल, असं सगळ्यांनी सांगितलं. वर्ष गेलं, कळ गेली नाही.

मग बहुतेक जण करतात तेच केलं. अंतर बदलता येणारा आखूड लिव्हर आणला. त्याच्या चाकीवर १ ते ६ आकडे होते, त्यातला सगळ्यात जवळचा लावला. बोटं दुसऱ्या पेरापर्यंत पोचली, मी खूश! गाडी सुरू करून पहिला गिअर टाकला तर क्लच पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकायला लागली. न्यूट्रल तर काही केल्या सापडेना. लिव्हर मुठीच्या इतका जवळ आला होता की क्लचची वायर पुरेशी ओढली जायच्या आधीच तो मुठीला टेकत होता, म्हणजे इंजिनाची ताकद चाकाकडे नेणाऱ्या क्लचच्या प्लेटा पूर्ण सुटतच नव्हत्या. शिवाय आखूड लिव्हरवर बोटं पिव्हटच्या, म्हणजे लिव्हर ज्या बोल्टवर फिरतो त्याच्या, जवळ पडतात, त्यामुळे तोच क्लच आधीपेक्षा जड लागत होता.

तेव्हा ठरवलं, अंतराचं नंतर बघू, आधी जडपणा कुठून येतोय ते शोधू.

इंजिनकडचं वायरचं टोक सोडवलं आणि नुसती वायर हाताने ओढून पाहिली. स्प्रिंगचा भार नसताना ती अलगद सरकायला हवी. माझी अडत, खरखरत येत होती. टाकीखाली पाहिलं तर वायरचं आऊटर, म्हणजे बाहेरची नळी, हेडलाइटच्या वायरिंगबरोबर प्लास्टिकच्या पट्टीने आवळून बांधलेलं, आणि नेमका तिथेच त्याला कोपरासारखा बाक. वायर जितकी जास्त वळते तितकी ती आतल्या भिंतीला घासते. हँडल डावीकडे वळवलं की क्लच आणखी घट्ट का व्हायचा, ते आता कळलं. पट्टी कापली आणि वायर मोठ्या, सैल वळणाने नेली.

मग तेल. वायरच्या वरच्या टोकाला प्लास्टिकच्या पिशवीचा कापलेला कोपरा घट्ट बांधला, त्यात पातळ तेल ओतलं आणि वायर वरखाली करत बसले. बराच वेळ खाली काहीच येईना. मग एक थेंब आला, काळाकुट्ट. बोटांत चोळला तर बारीक कचकच लागली. थेंब स्वच्छ यायला लागले तेव्हाच थांबले. (आतून टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या काही वायरींना तेल चालत नाही, तेव्हा आधी गाडीचं पुस्तक बघा.)

पिव्हटचा बोल्ट काढला तर कोरडा ठाक, आणि एका बाजूला नखाला लागेल अशी खाच. नव्या लिव्हरलाही मी हाच बोल्ट लावला होता! नवा बोल्ट घेतला, ग्रीसचा पातळ थर दिला. कसताना एक सांभाळायचं: बोल्ट जेमतेम बसेल इतकाच फिरवायचा आणि मग त्याला धरून ठेवून खालचा नट कसायचा. बोल्टच आवळला तर लिव्हर त्याला हँडलवर धरणाऱ्या पकडीत अडकतो आणि सोडल्यावर मागे येत नाही.

आता अंतर. सीटवर नेहमीसारखी बसले, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत हात सरळ ठेवला आणि लिव्हर बोटांखाली येईल इतका खाली फिरवला. आधी तो वर होता, त्यामुळे दरवेळी मनगट मागे मोडत होतं. पूर्ण पकडच साधारण एक सेंटीमीटर आत सरकवली, म्हणजे बोटं लिव्हरच्या टोकाकडे पडली. पिव्हटपासून जितकं लांब, तितका जोर कमी लागतो. आखूड लिव्हर काढून ठेवला आणि पूर्ण लांबीचा, अंतर बदलणारा लावला, आकडा मधला.

शेवटी प्ले, म्हणजे वायर ताणली जायच्या आधी लिव्हर जेवढा मोकळा हलतो तेवढं अंतर. माझ्या गाडीच्या पुस्तकात लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिमी दिलाय. मी आधी वायरचा ताण कमीजास्त करणारा हँडलकडचा अॅडजस्टर मधोमध ठेवला आणि मुख्य फरक इंजिनकडून काढला, म्हणजे पुढे दोन्ही बाजूंना फिरवायला जागा राहते. प्ले वाढवला की गाडी सुटण्याची जागा मुठीजवळ येते, आणि आखूड बोटांना तेच हवं असतं. पण जास्त वाढवला तर प्लेटा पुन्हा पूर्ण सुटत नाहीत. अजिबात ठेवला नाही तर क्लच कायम थोडा दाबलेला राहून स्लिप होतो, म्हणजे प्लेटा एकमेकींवर घसरतात. मी १५ वर थांबले. अॅडजस्टर आणि त्याला जागी धरणाऱ्या लॉकनटच्या चिरा एका रेषेत राहू दिल्या नाहीत, नाहीतर त्यातून पाणी आत जातं.

इंजिन सुरू करून न्यूट्रलमध्ये हँडल दोन्ही टोकांना वळवलं. प्ले तेवढाच राहिला. स्प्रिंगचा भार आहे तो आहेच, पण क्लच आता दोन बोटांत येतो. क्लच दाबून पहिला गिअर टाकला, गाडी जागची हलली नाही. गिअरचा लिव्हर पायाने हलकेच उचलला, न्यूट्रलचा हिरवा दिवा पहिल्याच प्रयत्नात लागला.