पाच वर्षांच्या मुलीचा रायटिंग स्पीड

गेल्या महिन्यात लेकीच्या शाळेत पीटीएम, म्हणजे पालकसभा, होती. सिनियर केजी. मिसनी वही पुढे ठेवली आणि म्हणाल्या की बाकी सगळं छान आहे, गाणी म्हणते, गोष्ट सांगते, फक्त रायटिंग स्पीड कमी आहे, घरी रोज एक पान जास्त घ्या. मी मान हलवली आणि घरी येऊन खरंच घ्यायला लागले. रात्री साडेआठला, ऑफिसातून आल्यावर, ती पेंगत असताना. चौथ्या दिवशी तिने पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली आई हात दुखतोय. मी म्हटलं एवढी एक ओळ कर फक्त. तिने केली, रडत रडत. ती ओळ अजून वहीत आहे, मला बघवत नाही.

त्याच आठवड्यात माझी आई राहायला आली. आई ३१ वर्षं अंगणवाडी सेविका होती, नाशिक जिल्ह्यातल्या आमच्या गावात. तिने वही चाळली, काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बाजारातून दोन किलो मटार आणले आणि नातीला घेऊन सोलायला बसली. मग कणकेचे गोळे, मग दोरीवरच्या कपड्यांना चिमटे लावणं, संध्याकाळी पाटीवर खडूने नुसत्या रेघोट्या. रात्री मला म्हणाली, "अगं तिची बोटं अजून तयार होतायत. वाळूत बोट फिरवायचं, मग खडू, मग पेन्सिल, आणि ती पण मूल मागेल तेव्हा. तुला मी अशीच शिकवली."

मला खरंच आठवत नव्हतं. आठवतो तो अंगणवाडीतला वजनकाटा, उसळीचा वास, आणि ओट्यावर बसलेली एक मुलगी. आठ-नऊ वर्षांची असेल, कडेवर भाऊ. कांदा काढणीच्या दिवसांत तिची आई रानात जायची, मग ही शाळा सोडून भावाला सांभाळायची, त्याला अंगणवाडीत आणून सोडायची आणि तिथेच बाहेर बसून राहायची. आई तिला कधीही हटकायची नाही. तिच्यासाठी एक पाटी वेगळी काढून ठेवलेली असायची. धाकटा आत खेळतोय आणि ही ओट्यावर बेरजा करतेय. त्या वेळी मला वाटायचं आई फार मायाळू आहे म्हणून असं करते. आता आईशी बोलताना कळलं की ट्रेनिंगमध्ये एक गोष्ट तिच्या मनात पक्की बसली होती, मूल येत नसेल तर ते का येत नाही ते आधी बघायचं.

आणि हे कुठून आलं ते वाचायला घेतलं तर मी पोचले आपल्याच पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला. शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक गुजरातमधल्या भावनगरला गिजुभाई बधेका या शिक्षकाबरोबर बालशिक्षणाचं काम करून आलेल्या, १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ सुरू झाला त्यात या दोघांचा पुढाकार होता. पण ताराबाईंना टोचत होतं की हे सगळं शहरातल्या, बऱ्या घरातल्या मुलांपुरतंच राहतंय. मॉन्टेसरी पद्धतीत मुलं ज्या वस्तू हाताळून शिकतात ती साधनं महाग, गावात कोण घेणार? म्हणून १९४५ मध्ये त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डीत बालवाडी काढली आणि तिथे शंख-शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं केली. अनुताई वाघ तेव्हाच त्यांना येऊन मिळाल्या. तेराव्या वर्षी विधवा झालेली बाई, नंतर शिकून मास्तरीण झाली आणि उरलेलं आयुष्य या मुलांना दिलं.

मला सगळ्यात भिडलं ते पुढचं. वस्तीतली गरीब घरातली मुलं बालवाडीत यायचीच नाहीत. तर या बायका बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. मुलांना आंघोळ घाल, नखं काप, केस विंचर, मग गाणी, मग खेळ. अंगणातली बालवाडी म्हणून अंगणवाडी! तीस वर्षं आईच्या तोंडून हा शब्द ऐकला आणि मला तो सरकारी शब्द वाटायचा. ज्या योजनेतून सरकारी अंगणवाड्या निघाल्या ती बालविकास योजना तर २ ऑक्टोबर १९७५ ला आली, त्याच्या कितीतरी आधी हे बोर्डीत चाललेलं होतं. पुढे काम बोर्डीजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली आदिवासींच्या पाड्यांमध्ये. तिथली मुलं दिवसभर गुरं राखायला जायची, मग मास्तर साधनं घेऊन गुरांच्या मागे कुरणात, तिला कुरणशाळा म्हणायचे. थोरल्या बहिणी धाकट्यांना सांभाळतात म्हणून शाळेत येत नाहीत, तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी ठेवली. म्हणजे आमच्या ओट्यावरच्या त्या मुलीचा प्रश्न त्यांनी केव्हाच ओळखला होता.

म्हणून आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअप ग्रूपवर कुणीतरी लिहिलं की बालकेंद्री शिक्षण, म्हणजे मुलाच्या कलाने शिकवणं, वगैरे श्रीमंतांच्या शाळांचे चोचले आहेत, तेव्हा मला राहवलं नाही. आपल्याकडे ते वाढलं ते ज्यांच्या घरात पाटीसुद्धा नव्हती अशा मुलांमध्ये. दुसरं कुणी म्हणालं की मुलांना हवं ते करू दिलं तर शिस्त कशी लागणार. आईला हे वाचून दाखवलं. तिचं म्हणणं, अंगणवाडीत मण्यांची डबी एकच होती आणि मुलं २८, त्यामुळे एकाचं होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचं आणि झालं की डबी जागेवर ठेवायची, हे तिला ओरडून कधी शिकवावं लागलं नाही. आणि २८ मुलं म्हणजे गावातली सगळ्या आळ्यांतली, त्यांच्या घरचे एकमेकांच्या घरी पाणी पीत नव्हते त्या काळात ही पोरं एका पंगतीत खिचडी खायची. सुरुवातीला दोन घरांनी मुलं पाठवणं बंद केलं होतं. आई रोज सकाळी त्यांच्या दारात जाऊन उभी राहायची, भांडायची नाही, नुसतं पोराला हाक मारायची. पोरंच धावत यायची. समाज बदलणं वगैरे मोठे शब्द तिने कधी वापरले नाहीत पण मला वाटतं याच वयात ते होतं, नंतर फार अवघड जातं.

एक गोष्ट मात्र मला नवीन कळली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट लिहिलंय की शिकणं कृतीतून, शोध घेत, मुलाला भीती आणि ताण न देता झालं पाहिजे. पण तो कायदा ६ ते १४ वयाचा. माझी मुलगी साडेपाच वर्षांची आहे! म्हणजे जिथे बोटं अजून कोवळी आहेत तिथेच कुणी विचारणारं नाही. २०२० च्या नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन ते आठ हा एक सलग टप्पा धरलाय, खेळातून शिकायचा, पण आमच्या वहीपर्यंत ते अजून आलेलं नाही.

परवा मी मिसना एकटीच भेटले. रागाने नाही, आई म्हणाली होती आधी तिचं ऐकून घे. त्यांच्या वर्गात ४२ मुलं आहेत. त्या म्हणाल्या, मॅडम मला पण माती द्यायला आवडेल हो, पण वही भरलेली दिसली नाही तर पालकच ऑफिसमध्ये जाऊन विचारतात की फी कशाची घेता. मी गप्प झाले कारण पहिल्या टर्ममध्ये असं विचारणाऱ्यांत मी पण होते.

मग वर्गातल्या दोन मुलांच्या आईंना फोन केला. एकीची मुलगी रात्री झोपेत दचकते, दुसरीचा मुलगा शाळेच्या गेटला धरून बसतो. आम्ही तिघींनी मिळून पत्र लिहिलंय की आमच्या मुलांची वही रिकामी राहिली तरी चालेल, तो वेळ त्यांना माती, मणी, गोष्टी यासाठी द्या, साहित्य आम्ही आणून देतो. आईने शिंपले गोळा करायला सांगितलेत, रविवारी बोर्डीला जातोय, मुलांना घेऊन. सोमवारी पत्र द्यायचंय.