घाम गाळून मिळालेली देणगी आणि दरमहाची देणगी
आज एका सेवाभावी संस्थेसाठी अर्धमॅरेथॉन धावणाऱ्या सहकाऱ्याने पाठवलेली देणगीची लिंक उघडली, उद्दिष्टाची हिरवी पट्टी निम्म्यावर अडकलेली पाहिली आणि लगेच पैसे भरले. मात्र ते संस्थेच्या कामासाठी दिले की निव्वळ भिडेखातर, हे सांगणे कठीण आहे. अशा उपक्रमांची ताकद मी नाकारत नाही, कारण १९८० साली कृत्रिम पाय लावून रोज जवळपास मॅरेथॉनइतके अंतर धावणाऱ्या टेरी फॉक्सने कर्करोग संशोधनासाठी अख्खा कॅनडा हलवला होता. २०१४ च्या आइस बकेट चॅलेंजमुळे (अंगावर बर्फाचे पाणी ओतून घेण्याच्या आव्हानामुळे) एएलएस या मज्जासंस्थेच्या आजारासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतील एएलएस असोसिएशनकडे सुमारे ११.५ कोटी डॉलर जमले, पण पुढच्या वर्षी तो ओघ आटला. संस्थेतल्या परिचारिकेचा पगार मात्र दरमहाच द्यावा लागतो. म्हणूनच खात्यातून आपोआप वळती होणारी, जिचा फोटोही निघत नाही (आणि लाइकही मिळत नाहीत) अशी छोटी रक्कम मला अधिक भरवशाची वाटते.